डाव्या हाताचं पाचवं बोट

अण्णांचं काम काय, हे मला शाळेत कधीच धड सांगता आलं नाही. मैत्रिणींचे वडील रेल्वेत होते, रिफायनरीत होते, एकीचे बँकेत होते आणि तिच्या बोलण्यात ते दर दोन वाक्यांनी डोकावून जायचे. माझे वडील दगड टोकरतात, हे कुठल्या तोंडानं सांगणार? ते कॉलेजच्या भूगर्भशास्त्र खात्यात नोकरीला होते. साहेबलोक सातपुड्यातून, कच्छातून दगड घेऊन यायचे आणि त्या दगडांत जे अडकून पडलेलं असेल, शिंपला, पान, दात, हाड, ते मोकळं करायचं, ही अण्णांची नोकरी. हत्यारं म्हणाल तर सुया. शिवणाच्या, गोणपाट शिवायच्या, जुन्या ग्रामोफोनच्या. सगळ्या लाकडी मुठींत बसवलेल्या आणि मुठी त्यांच्या घामानं काळ्या झालेल्या. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर बडोद्यात आले. अण्णा म्हणायचे, शिर्क्यांची तलवार झिजत झिजत माझ्यापर्यंत आली तेव्हा तिची सुई झाली होती. हे ते पाहुण्यांना हमखास ऐकवायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

आम्ही रावपुऱ्यात राहायचो, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेला एक लांबट गॅलरी. खालचं यंत्र दिवसभर घुमायचं आणि त्याची धग फरशीतून आपल्या तळपायांना लागते, अशी आईची तक्रार असायची. फरशी मोझेकची होती, पांढऱ्यावर काळे-तपकिरी ठिपके. तेव्हाच्या मानानं ऐटीची. मी दहावीत होते त्या वर्षी गल्लीत केबल आली. दुपारी चार घरांतून चार वेगवेगळ्या बायका एकदम रडायला लागायच्या आणि आई पोळ्या लाटता लाटता ओळखायची की ही कुठल्या मालिकेतली. आई डभोईची. घरात आमच्याशी मराठीत बोलायची, पण राग आला की थेट गुजराती. 'हवे बेस छानीमानी,' असं ती म्हणाली की मी गुमान खाली बसायची. उन्हाळ्यात रस-पोळी, एरवी खिचडी-कढी आणि रविवारी सकाळी अण्णा डब्यातून शेव-उसळ आणायचे. तिच्यावरचा तर्रीचा तवंग बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. एकूण मजेत चाललं होतं. एकुलती एक पोर होते, अण्णांची लाडकी, आणि त्याचा मला माज होता.

मी दहावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात खात्यातल्या छताचं काम निघालं. अण्णांच्या टेबलावर सारखा गिलावा पडायला लागला. खात्याचे पंड्या साहेब अण्णांवर फार भरवसा ठेवायचे. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की शिर्केभाई, हे एक काम तुम्ही घरी न्या. म्हणून तो दगड आमच्या घरी आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून, स्कूटरवर अण्णांच्या दोन पायांच्या मधे. ताटाएवढा राखाडी दगड, पाटीसारखे पापुद्रे निघणारा. त्याच्या एका बाजूला काळपट काहीतरी उमटलं होतं. आईनं डबा उघडल्याबरोबर विचारलं, हे मेलेलं आहे का? अण्णा म्हणाले, हो. मरून किती दिवस झाले? अण्णांनी सांगितलं, तीस कोटी वर्षं. आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, मग सुतक फिटलं असेल, पण स्वयंपाकघरात आणायचं नाही.

जनावर लहानसंच होतं, डोक्यापासून शेपटीपर्यंत माझ्या पेनाएवढं. चार पाय, त्यातल्या उजव्या पुढच्या पायाचा पंजा दगड फुटतानाच गेलेला, चपटं डोकं आणि डोक्याच्या वरच्या बाजूला दोन मोठ्या गोल खोबणी. डोळे आकाशाकडे असलेली जनावरं चिखलात पडून वर बघत असतात, असं अण्णा सांगायचे. आई त्याला पाल म्हणायची. पाल नाही, असं अण्णांनी दहा वेळा सांगितलं. पालीसुद्धा नव्हत्या तेव्हा. मासे पाण्यात होते आणि जमिनीवर पाय टेकून चालणारं जे काही होतं ते हेच, अशी बोटाएवढी, हाताएवढी जनावरं. त्यातली बहुतेक नावनिशाणी न ठेवता गेली. एखादंच असं चिखलात रुतून राहिलं. पंड्या साहेबांनी एकदा मला समजावलं होतं, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या गुजरातीत. पुढच्या पायाला चार बोटं असली तर ते बेडकाच्या भावकीतलं. पाच असली तर आपल्या भावकीतलं. म्हणजे पाली, सुसरी, पक्षी, तू, मी, सगळ्यांच्या मुळाशी जे होतं त्याच्या जवळचं. 'पण पांचवाळुं आपणे त्यां क्यां जडे,' असंही ते म्हणाले होते. पाचवालं आपल्याकडे कुठलं सापडायला! आत्तापर्यंत जी काय निघाली होती ती सगळी बेडकांच्या बाजूची होती.

सकाळी सहाला पूर्वेचं ऊन तिरकं टेबलावर यायचं, तेव्हा अण्णा कामाला बसायचे. सुईच्या टोकानं दगडाचा कण न् कण उचलायचा, रबरी पंपानं फुंकर मारायची, ब्रशनं झटकायचं, पातळ केलेल्या डिंकाचा थेंब सोडायचा आणि पुन्हा सुई. कुर्र, कुर्र, थांबणं, कुर्र. एखादा उंदीर फार विचार करून काही कुरतडत असावा तसा तो आवाज. पंखा बंद. बडोद्याचा मे महिना आणि पंखा बंद, यावर आईचं जे म्हणणं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दहा वाजता अण्णा डबा घेऊन कामावर जायचे आणि मग माझी पाळी. सकाळी जेवढं उघडं पडलं असेल त्याचं चित्र मी दुपारी काढायचं. माझा हात बरा होता. बरा कशाला, चांगलाच होता. मोजपट्टी लावून, भिंगातून बघून, ठिपके ठिपके देऊन मी हाडं काढायची आणि अण्णा ती साहेबांना दाखवायला न्यायचे. जाताना ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे चिठ्ठी ठेवायचे. 'मानेचे मणके काढ.' 'उजवा मागचा पाय नीट काढ, काल घाई केलीस.' अण्णा सगळ्या जगाला गुजरातीत लिहायचे. साहेबाला, दुधवाल्याला, विजेच्या कचेरीला. मराठीत लिहायचे फक्त मला.

आता या 'काढ' शब्दाकडे बघते तेव्हा वाटतं, मराठी माणूस काढतो तरी काय काय. चित्र काढतो, काटा काढतो, आठवण काढतो, दिवस काढतो, भांडण उकरून काढतो, अंगावरचे कपडे काढतो. कुठं उमटवायचं आणि कुठं उपटायचं, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. गुजरातीत तसं नाही. चित्र 'दोरायचं' आणि काटा 'काढायचा'. अण्णांनी त्या दिवशी दुधवाल्याला लिहितात तशी मला चिठ्ठी लिहिली असती तर माझ्या हातून जे झालं ते झालं नसतं.

त्या आधीच्या आठवड्यात मी हट्ट धरला होता, की मलाही सुई पाहिजे. रोज नुसतं बघून हात शिवशिवत होते. अण्णांनी आढेवेढे घेतले, मग दगडाच्या रिकाम्या कडेला पेन्सिलनं चौकोन आखून दिला आणि इथला दगड काढ म्हणाले. मी काढला. दुसऱ्या दिवशी दुसरा चौकोन. जोर कोपरातून नाही, नुसत्या बोटांतून. हाडाच्या दिशेनं सुई कधीच ढकलायची नाही, हाडापासून बाहेर ओढायची. फट पडली तर त्याच दगडाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तिचं लुकण भरायचं. सगळं सांगितलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी माझा चौकोन भिंगाखाली बघून ते आईला म्हणाले, पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी जी काय शेफारले! गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांकडे दयेनं बघायला लागले, की यांना बिचाऱ्यांना सुई धरता येत नाही.

आणि मग तो बुधवार. सकाळी अण्णा नेहमीपेक्षा जास्त वेळ टेबलावर वाकून होते. आई चहा घेऊन गेली तर तसाच निवू दिला. कामावर जाताना डबा विसरले आणि अर्ध्या जिन्यातून परत आले. मी उठून बघते तर पानावर चिठ्ठी होती: 'डाव्या हाताचं पाचवं बोट काढ. जपून.' भिंग लावलं. आदल्या दिवशी तिथं चार बोटं होती, पसरलेली, जमिनीवर टेकलेला तळवा जसा असतो तशी. आता चौथ्याच्या पलीकडे, दगडाच्या एका पापुद्र्याखालून, काळ्या मण्यांची एक बारीक रेघ बाहेर आली होती. तीन पेरं. शेवटचं तिळाएवढं, टोकदार. पाच होती. मी ती मोजली आणि माझ्या अंगावर काटा आला, हे मला पक्कं आठवतं. आपल्या भावकीतलं, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

आता ते अर्धे झाकलेले मणी बघून आणि ते 'जपून' वाचून मी काय समजावं? चित्र काढताना कोण 'जपून' म्हणतं? मला वाटलं, अण्णांनी मला हाडाला सुई लावायची परवानगी दिली. एवढं मोठं काम, आणि ते माझ्या हलक्या हातावर सोपवून गेले. मी तोंड धुतलं, देवाला नमस्कार केला, पंखा बंद केला आणि बसले. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. पहिला तासभर काम सुरेख चाललं. पापुद्रा कणाकणानं निघत होता, पहिलं पेर पूर्ण मोकळं झालं, दुसरं निम्मं. मग सुई अडकली. बाहेर ओढायची ती मी आत ढकलली. जास्त नाही, श्वासाएवढी. पापुद्रा खडकन सुटला आणि त्याच्याबरोबर ते बोट उठलं. दोन पेरांचा माझ्या डोळ्यांदेखत भुगा झाला. तिसरं, तिळाएवढं, उडालं.

मी फरशीवर गुडघ्यांवर बसले. पांढरी फरशी आणि तिच्यात हजारो काळे ठिपके. प्रत्येक ठिपका तेच बोट होतं. जिभेला बोट लावून मी एकेक ठिपका चाचपत गेले, टेबलाखाली, खुर्चीखाली, गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत. सापडलं नाही. तोंडचं पाणी पळालं होतं, पण रडू येत नव्हतं, आणि डोकं भलतंच थंडपणे चालत होतं. हे वय वाईट, असं लोक म्हणतात. वय नाही, मी वाईट होते. मी भुगा ब्रशनं झटकून टाकला. पुडीतली दगडाची पूड घेतली, डिंकाच्या पाण्यात कालवली, बोटाच्या जागी लुकण भरलं आणि ते सुकल्यावर सुईनं हलकेच खरवडलं, आजूबाजूच्या दगडासारखं दिसेपर्यंत. मग कागद घेतला आणि डाव्या हाताचं चित्र काढलं. चार बोटांचं. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं. आई उठून आली तेव्हा म्हणाली, काय उकाडा आहे, पंखा तरी लाव, आणि ओलं फडकं घेऊन सगळी खोली पुसून काढली.

संध्याकाळी अण्णा आले ते चपला न काढता टेबलापाशी गेले. चित्र बघितलं, उलटून मागे बघितलं. मला विचारलं, पाचवं कुठंय? मी खांदे उडवले. तोंडातून शब्द कसे फुटले देव जाणे, पण फुटले ते सरळ फुटले: "कुठलं पाचवं? मला तर चारच दिसली."

अण्णा पुन्हा टेबलाकडे वळले. भिंग घेतलं, दिवा ओढला, दगड ओला केला, पुन्हा बघितलं. मग खुर्चीवर बसत आईला म्हणाले, की एवढ्याचसाठी तर मी हिला आधी चित्र काढायला सांगितलं होतं. बोट अगदी कच्चं होतं, उद्या सुई लावली तर राहीलच याचा भरवसा नव्हता. म्हणून म्हटलं, आधी कागदावर येऊ दे. मी दाराला टेकून उभी होते. चित्र. त्यांनी चित्र काढायला सांगितलं होतं. अजूनही सांगता आलं असतं. चूक शब्दाची होती, माझी फक्त निम्मी होती. पण खोटं बोलून पाच मिनिटं झाली होती आणि ते सगळंच्या सगळं माझं होतं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा एक ठिपका घासत राहिले. अण्णाच माझ्या मदतीला धावले. म्हणाले, सकाळचं ऊन फार तिरकं होतं, सावली असेल. भिंतीवर पाल चुकचुकली. आईनं सवयीनं तीनदा टिचक्या मारल्या आणि म्हणाली, बघा, खरंच आहे.

पण अण्णांनी सकाळीच साहेबांना सांगून टाकलं होतं आणि साहेबांनी त्यांच्या शब्दावर मुंबईला, कलकत्त्याला फोन लावले होते. रविवारी पंड्या साहेब घरी आले. आईनं रस-पुरीचा बेत केला होता, त्यांच्यासाठी कांदा न घालता बटाट्याची भाजी. साहेब म्हणाले, आधी काम. अर्धा तास भिंगातून बघत होते. मग त्यांनी माझी चित्रं मागितली. तारीखवार सगळी चाळली आणि बुधवारच्या चित्रावर थांबले. मला जवळ बोलावून विचारलं, बेटा, तू हे जसं दिसलं तसंच काढलंस ना? मी मान हलवली. त्यांनी भिंग मिटून ठेवलं आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"उंमर थाय, शिर्केभाई. चश्मा बदलावी जुओ."

मग आम्ही चौघं जेवायला बसलो. अण्णा साहेबांना आग्रह करून पुऱ्या वाढत होते आणि प्रत्येक पुरी वाढताना ताटाकडे जरा वाकून बघत होते, नीट ताटातच पडली ना म्हणून. अण्णा पंचेचाळिशीचे होते तेव्हा. त्या जेवणाची चव मला अजून घशात येते. त्यानंतर आजपर्यंत मी आमरस खाल्लेला नाही. लोकांना सांगते, पित्त होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, वाचायचा चष्मा दिला, बाकी काही नाही म्हणाले. अण्णांना ते पटलं नाही. डॉक्टरांना काय कळतंय, म्हणाले, जे नाही ते दिसायला लागलं तर कसला नंबर निघणार? साहेबांनी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं नाही, हे सांगायला हवं. अण्णांनी स्वतःच अर्ज केला. तो त्यांनी मला लिहायला सांगितला, कारण माझं अक्षर चांगलं. ते गुजरातीत सांगत गेले आणि मी लिहीत गेले: 'दृष्टि बराबर न रहेती होवाथी.' नजर बरोबर राहिली नसल्यानं. त्या शब्दांपाशी माझं पेन थांबलं. त्यांना वाटलं, मला जोडाक्षर अडलं. त्यांनी ते मला बोटानं हवेत काढून दाखवलं. मी लिहिलं. पावसाळ्याआधी त्यांना कपाटांच्या किल्ल्या आणि लेबलांचं काम मिळालं. सुया त्यांनी खात्यातल्या एका नव्या माणसाला देऊन टाकल्या. तो दगडही त्यानंच पुरा केला. बेडकांच्या भावकीतलं एक लहान जनावर, असं त्याच्याबद्दल छापून आलं आणि पंड्या साहेबांनी छापील कागद घरी पाठवला. खाली आभारांत अण्णांचं नाव होतं. चित्रांखाली माझं.

सुई थांबली, पण तिचा आवाज थांबला नाही. भर दुपारी, चार घरांतल्या चार बायका रडत असताना, त्यांच्या मधून मला ऐकू यायचं: कुर्र, कुर्र, थांबणं, कुर्र. आईला विचारलं तर म्हणाली, खालचं यंत्र आहे. गॅलरीच्या काचेवर बाहेरून पाल चिकटलेली असायची आणि आतून तिचं पोट आणि पंजे दिसायचे. मी मोजायचीच. दर वेळी पाच. त्या घरात मी आणखी आठ वर्षं राहिले आणि त्या फरशीवर एकदाही बेफिकीरपणे पाय टाकला नाही. चालताना खाली बघायची. आईला वाटायचं, पोरगी वयात आली, शालीन झाली. कधी कधी वाटायचं, ते जनावर दगडात नाहीच, ते इथंच कुठंतरी आहे, ओल्या पायांनी फिरतंय, पायाखालच्या ठिपक्यांत आपलं बोट शोधतंय. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण कोट्यवधी वर्षं सांभाळून आणलेली त्याची एकच गोष्ट मी एका दुपारी फडक्याखाली घालवली होती. त्यानं मला का सोडावं?

आणि त्याहून वाईट होते अण्णा. त्यांचा आता कशावरच भरवसा नव्हता. चौकात स्कूटर थांबवून मागे विचारायचे, वैशू, हिरवा झाला ना गं? बस कितवी आहे, गॅसचं बटण नीट बंद आहे का, ही पावती कालचीच ना. आई बाजूला उभी असली तरी तिला नाही विचारायचे. मला विचारायचे, कारण त्यांच्या हिशेबी आमच्या घरात पक्की नजर एकच होती. 'तुला दिसलं ना, मग झालं,' असं ते म्हणायचे. माझ्या लग्नात मुहूर्ताच्या अक्षता टाकायच्या आधी त्यांनी मलाच खुणेनं विचारलं, की घड्याळात किती वाजलेत. पुढे मी नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथं लोक म्हणायचे, मॅडमनी बघितलं म्हणजे बघायला नको. मी हसायची. दर वर्षी ठरवायची, की या दिवाळीत सांगू, या वाढदिवसाला सांगू. पण जेवढा उशीर व्हायचा तेवढं सांगण्यासारखं वाढत जायचं. आधी नुसतं एक बोट होतं. मग त्यात त्यांची नोकरी आली, मग त्यांचा स्वभाव, मग त्यांचं म्हातारपण.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अण्णा आता ऐंशीला आलेत. पट्टी सुटल्यावर आठ दिवसांनी मी सकाळी त्यांच्याकडे गेले, तर ते गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून स्वतःच्या हातावरचे केस बघत बसले होते, लहान मुलासारखे खूश. म्हणाले, एकेक केस दिसतोय गं. मग जरा थांबून म्हणाले, हे डोळे तेव्हा असते तर साहेबांसमोर लाज गेली नसती. एवढ्या वर्षांत तो विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. मी खाली त्यांच्या पायांशी बसले आणि सांगितलं. चिठ्ठी, सुई, पापुद्रा, फडकं, लुकण, सगळं. त्यांच्या तोंडाकडे न बघता सांगितलं.

त्यांनी बाही खाली ओढून घेतली. मग त्यांनी विचारलं, पेरं किती होती? मी म्हटलं, तीन. शेवटचं? तिळाएवढं, टोकदार. त्यांनी मांडीवर थाप मारली. तीनच, मलाही तीनच दिसली होती! लुकण पूड कालवून भरलंस? हो. चांगलं भरलंस, म्हणाले, मला कळलं नाही. चिठ्ठीतला शब्द त्यांनी दोनदा पुटपुटून बघितला आणि त्यांना हसू आलं. आईला आतून हाक मारली, अगं ऐकलंस का, पाच होती. आईनं आतून विचारलं, पाच काय? ते सांगत बसले नाहीत. नुसते हसत होते. मला वाटलं, सुटले.

मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. ते गल्लीकडे बघत राहिले, त्या नव्या स्वच्छ डोळ्यांनी. "मग मी काम का सोडलं?" त्यांनी विचारलं. मला नाही, असंच.

"माझ्यामुळे, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावर हात ठेवला.

"सांगायचंस ना गं," ते म्हणाले. "रागावलो असतो मी. संध्याकाळपर्यंत रागावलो असतो."